कुत्र्याचे केस आणि उन्हाळा

चेन्नई शहरात मे महिन्यातील कडक उन्हाचा काळ ‘अग्निनक्षत्रम’ या नावाने ओळखला जातो. ३१ मे २००३ रोजी तेथील तापमान ४५ अंश सेल्सिअसवर गेले होते. अशा दिवसांत केसाळ कुत्रा धापा टाकताना दिसला, की त्याचे केस यंत्राने मुळापासून काढावेत, असे मालकास वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ही समजूत बरोबर नाही.

माणसाप्रमाणे कुत्र्याला सर्वांगावर घाम येत नाही. शरीरातील उष्णता तो मुख्यतः धापा टाकून, जीभ व श्वासमार्ग यांवरील ओलाव्याच्या बाष्पीभवनाने बाहेर टाकतो. किनाऱ्यावरील दमट हवेत हे बाष्पीभवन मंदावते. खरा धोका आहे तो तेथे. केस काढल्याने तो टळत नाही. स्पिट्झ, जर्मन शेफर्ड इत्यादी कुत्र्यांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. बाहेरचा राठ थर त्वचेला उन्हापासून वाचवितो. तो भादरल्यास त्वचा भाजण्याचा संभव असतो आणि नवे केस पूर्वीसारखे येतीलच असे नाही. अशा कुत्र्यांचा आतील गळणारा मऊ थर नियमितपणे विंचरून काढावा. राजपाळयम, चिप्पिपाराई या तमिळनाडूतील जातींचे केस तर मुळातच आखूड असतात.

यंत्राचा खरा उपयोग होतो तो ल्हासा अप्सो, पूडल यांसारख्या, सतत केस वाढणाऱ्या कुत्र्यांसाठी. ऑक्टोबर ते डिसेंबर या पावसाळी महिन्यांत त्यांचे केस ओले राहून जटा बनतात आणि त्यांखाली त्वचारोग व गोचिडी लपून राहतात.

केस कापण्यापूर्वी गुंता सोडवावा, मग कुत्र्यास स्नान घालून पूर्ण कोरडे करावे. गुंता तसाच भिजविल्यास तो अधिक घट्ट होतो. जट कात्रीने कापू नये. तिच्याबरोबर त्वचाही वर ओढली गेलेली असते व ती कापली जाते. यंत्र प्रथम नुसते चालू करून त्याच्या आवाजाची कुत्र्यास सवय करून द्यावी. पाते त्वचेशी समांतर धरून केसांच्या वाढीच्या दिशेने फिरवावे. काख, जांघ व कानांच्या कडा येथील त्वचा पातळ असते. ती बोटांनी हलकेच ताणून धरावी. पाते घर्षणाने तापते. म्हणून दर काही मिनिटांनी ते मनगटाला लावून पाहावे. चटका बसल्यास यंत्र थांबवून पाते निवू द्यावे व त्यास तेल द्यावे.

उन्हाळ्यात मात्र सावली, भरपूर पाणी आणि सूर्योदयापूर्वीचा फेरफटका हेच खरे उपाय होत. कुत्रा जोराने धापा टाकू लागला, त्याच्या हिरड्या गडद लाल झाल्या व तोल जाऊ लागला, तर तो उष्माघात समजावा. त्याच्या अंगावर साधे पाणी ओतून व वारा घालून त्यास तत्काळ पशुवैद्याकडे न्यावे. वेपेरी भागात १९०३ साली स्थापन झालेल्या मद्रास पशुवैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. केस नीट कापलेला कुत्राही बंद खोलीत किंवा तापलेल्या गच्चीवर दगावू शकतो, याचा विसर पडू देऊ नये.