लग्नाचा पोशाख : हौसेचे परिमाण

विवाह निश्चित झाला की घरात पहिली यादी तयार होते ती बहुधा कपड्यांची. मंगल कार्यालय, भोजन आणि सजावट यांचे दर आधी ठरतात, त्यांची आगाऊ रक्कम द्यावी लागते आणि पावतीही मिळते. कपड्यांचा खर्च मात्र थोडाथोडा, निरनिराळ्या दुकानांत आणि निरनिराळ्या हातांनी होत राहतो. त्यामुळे एकूण किती झाले हे कळेपर्यंत ठरलेली रक्कम संपलेली असते. मग काटकसरीचा विचार सुरू होतो आणि पहिली कात्री लागते ती वधूने मनात धरलेल्या एका पोशाखाला. मुलगी समजूतदार असते. ती म्हणते, ‘‘राहू द्या, साधेच घेऊ.’’ घरातील मंडळी तिचे कौतुक करतात आणि विषय तेथेच संपतो.

वास्तविक विषय तेथे संपू नये. खर्च खरोखर कोठे झाला, हे वहीत पाहिल्यावाचून कात्री कोठे लावायची ते ठरवणे व्यापारी घराला शोभत नाही.

एका मध्यम व्यापारी कुटुंबाचे उदाहरण डोळ्यांपुढे आणू. कपड्यांसाठी एकूण दोन लाख रुपये ठरले आहेत. मानपानाच्या साठ साड्या, प्रत्येकी १,१०० रुपये, म्हणजे ६६,००० रुपये. पुरुष मंडळींसाठी शर्ट-पँटचे वीस पीस, प्रत्येकी ९०० रुपये, म्हणजे १८,००० रुपये. घरातील आई-वडील, भाऊ-वहिनी आणि मुले यांचे कपडे ४५,००० रुपये. ही बेरीज १,२९,००० रुपये होते. वधूसाठी उरतात ७१,००० रुपये, आणि त्यांत साखरपुडा, मेंदी, हळद, विवाह व स्वागतसमारंभ असे पाच प्रसंग बसवायचे असतात. तिला आवडलेला लेहंगा ६५,००० रुपयांचा असेल तर तो ‘परवडत नाही’ असे उत्तर मिळणारच.

आता मानपानाच्या साठ साड्यांकडे पाहू. त्यांतील किती साड्या नेसल्या जातात? बहुतेक साड्या घडी न मोडता कपाटात जातात आणि पुढच्या एखाद्या लग्नात दुसऱ्या घरी पोहोचतात. व्यापाराच्या भाषेत हा डेड स्टॉक होय. त्यात भांडवल अडकते, पण माल कोणाच्या उपयोगी पडत नाही. दोन्ही पक्षांच्या ज्येष्ठांनी बैठकीतच ठरवून मानपान केवळ अगदी जवळच्या पंधरा व्यक्तींपुरता ठेवला, तर ४९,५०० रुपये वाचतात. मग त्याच दोन लाखांत वधूच्या वाट्याला १,२०,५०० रुपये येतात. तिचा लेहंगा कोणाच्याही डोळ्यांत न खुपता यादीत बसतो.

हे काम मुलीने करायचे नाही, कारण ‘आत्याबाईंना साडी नको’ असे म्हणण्याचा अधिकार तिला नसतो. ते काम घरातील कर्त्या पुरुषाचे आणि ज्येष्ठ स्त्रियांचे आहे. साध्या विवाहाचा विचार आपल्या समाजाला नवा नाही. शांतिलाल मुथ्था यांनी १९८५ मध्ये स्थापन केलेल्या भारतीय जैन संघटनेने सामूहिक विवाहांचा पुरस्कार करून हा विचार महाराष्ट्रभर पोहोचवला. सामूहिक विवाह प्रत्येकाला रुचेल असे नाही. परंतु परस्परांच्या संमतीने देणे-घेणे आटोक्यात ठेवणे हा त्यातील भाग कोणत्याही घराला उचलता येतो.

व्रताचे दुसरे नाव

श्रावकाच्या पाच अणुव्रतांपैकी पाचवे परिग्रहपरिमाण. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात याच व्रताला ‘इच्छापरिमाण’ असेही म्हटले आहे. या नावात फार व्यवहारी शहाणपण साठवलेले आहे. गृहस्थाने इच्छा समूळ टाकावी असे येथे सांगितलेले नाही. तिला माप घालावे, आणि ते माप आधी घालावे, एवढेच अपेक्षित आहे. तत्त्वार्थसूत्रातही उमास्वातींनी परिग्रहाचे लक्षण वस्तूंच्या संख्येवरून न करता आसक्तीवरून केले आहे. या दृष्टीने पाहता मुलीने मनापासून निवडलेला एक पोशाख आणि लोकलज्जेपोटी घेतलेल्या साठ साड्या यांत अधिक परिग्रह कोणता, याचे उत्तर ज्याचे त्याने द्यावे.

माप आधी घालणे म्हणजे दुकानाची पायरी चढण्यापूर्वी रक्कम ठरवणे. ती रक्कम वधूला स्पष्ट आकड्यात सांगावी आणि शक्य असल्यास तिच्याच खात्यात जमा करावी. ‘बघू, पसंत कर, मग ठरवू’ या उत्तराने हौस वाढते आणि नंतर मन दुखावते. एक लाख वीस हजार हा आकडा समोर असला की मुलगी स्वतःच ठरवते, की विवाहाच्या पोशाखावर अधिक खर्च करावा आणि मेंदी व हळद घरातील चांगल्या कपड्यांवर भागवावी. निर्णय तिचा असल्यामुळे पुढे मनात खंत राहत नाही. घरात धाकटी बहीण किंवा चुलतबहीण असल्यास हाच नियम तिलाही लागू राहील, हे त्याच वेळी सांगून ठेवावे. एकत्र कुटुंबात तुलना टळत नाही. नियम सारखा असला तर तिची धार मात्र बोथट होते.

खरेदीतील काही बारकावे

पहिला कराचा. २२ सप्टेंबर २०२५ पासूनच्या दरांनुसार प्रति नग २,५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यांवर ५ टक्के आणि त्याहून महाग तयार कपड्यांवर १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे. विणलेली साडी कापडात मोडत असल्याने तिच्यावर ५ टक्केच आकारले जातात. ६५,००० रुपयांच्या शिवलेल्या लेहंग्यावर कर निराळा लागणार असेल तर बिल ७६,७०० रुपयांचे होते. म्हणून सांगितलेली किंमत करासह आहे की कराविना, हे प्रथम विचारावे.

दुसरा ओळखीच्या घाऊक व्यापाऱ्याचा. सुरत किंवा मुंबईच्या बाजारात नातेसंबंध असणे ही आपल्या कुटुंबांची जमेची बाजू. परंतु तेथे माल बहुधा संचाने घ्यावा लागतो आणि परत करण्याची सोय नसते. दोन साड्यांची गरज असताना आठ साड्यांचा संच घरी आला, तर स्वस्त भाव महाग पडतो.

तिसरा रेशमाचा. एका रेशमी साडीसाठी हजारो कोशांतील जीव उष्णतेने मारले जातात, हे जाणून अनेक घरांत रेशीम वर्ज्य मानतात. केंद्रीय रेशीम मंडळाची ‘सिल्क मार्क’ खूण वस्त्र शुद्ध रेशमाचे असल्याचे सांगते. रेशीम टाळणाऱ्यांनी तीच खूण सावधगिरीची खूण समजावी. हैदराबादचे कुसुम राजय्या यांनी पतंग कोशातून बाहेर पडल्यानंतर धागा काढण्याच्या अहिंसा रेशमाचे पेटंट मिळवले आहे. मात्र कोश फुटल्यावर धागा अखंड राहत नाही, तो कातून घ्यावा लागतो, त्यामुळे हे रेशीम महाग असते. मर्यादित खर्चात अहिंसेचा आग्रह पाळायचा असेल तर सुती बांधणी, सुती घरचोळा किंवा व्हिस्कोसचे जरीकाम केलेले वस्त्र हे सुंदर पर्याय आहेत.

चौथा जुन्या वस्त्रांचा. आईचे पानेतर किंवा आजीचा शालू पेटीत असेल तर त्याची घडी उलगडून पाहावी. घडीवर कापड विरले असेल तर चांगले काठ आणि पदर नव्या कापडावर लावून घेता येतात. रेशीम वर्ज्य असलेल्या घरातही निदान नव्याची मागणी होत नाही. वराची शेरवानी तर बहुधा एकदाच अंगावर चढते. ती भाड्याने घेण्यात कमीपणा मानू नये. अनामत रकमेच्या अटी आणि कपड्यावरील जुने डाग तेवढे आधी लिहून घ्यावेत.

पाचवा वेळेचा. चातुर्मासात विवाह नसतात, बाजारही मंदावलेला असतो. त्या काळात भाव बोलता येतो आणि शिंप्यालाही सवड असते. पर्युषणाचे दिवस वगळून ही खरेदी उरकली, तर तुळशीच्या लग्नानंतरची घाई टळते.

पैसा कोठून यावा

दोन वर्षे दरमहा ३,००० रुपये आवर्ती ठेवीत टाकले, तर साडेसहा टक्के व्याजाने सुमारे ७७,००० रुपये हाती येतात. त्यांतील ७२,००० आपले आणि बाकीचे व्याज. उलट एक लाख रुपयांचे वैयक्तिक कर्ज चौदा टक्क्यांनी दोन वर्षांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे ४,८०० रुपये पडतो आणि व्याजापोटी पंधरा हजारांहून अधिक रक्कम जाते. क्रेडिट कार्डाची थकबाकी महिना तीन टक्क्यांनी चढत असेल तर वर्षाला छत्तीस टक्के होतात. इतक्या दराने कोणी सावकाराकडून उचल घेणार नाही, तीच उचल कार्डावर मात्र सहज होते.

याहून घातक म्हणजे दुकानाच्या खेळत्या भांडवलातून लग्नाचे कपडे घेणे. त्या पैशावर हंगामाचा माल येणार असतो. तो न आल्यामुळे झालेला तोटा लग्नाच्या हिशोबात कधीच लिहिला जात नाही, पण पुढचे वर्षभर घर तो सोसत असते. सासरी गेलेल्या मुलीला माहेरच्या या ओढाताणीची बातमी लागल्यावाचून राहत नाही, आणि मग त्या सुंदर पोशाखाचा आनंदही तिच्या मनात निर्भेळ उरत नाही.

म्हणून घरातील कर्त्यांनी प्रथम रक्कम ठरवावी, नंतर मानपानाची यादी आखूड करावी आणि त्यानंतरच मुलीला विचारावे, ‘‘बेटा, तुझ्या मनात काय आहे?’’ या क्रमाने विचारलेल्या प्रश्नाला वधू मोकळेपणाने उत्तर देऊ शकते, आणि ते उत्तर बहुतेक वेळा ठरलेल्या मापात बसते.