गरुडाला पत्ता शिकवणारी पोरं

बाल्ड ईगलचं पिल्लू घर म्हणून कुठली जागा ध्यानात ठेवतं? अंडं फुटलं ती नव्हे, तर जिथून पहिल्यांदा उडालं ती! चार-पाच वर्षांनी डोकं पांढरं झालं की घरटं बांधायला ते बहुधा त्याच परिसराकडे वळतं. याच स्वभावाचा फायदा घेऊन अमेरिकेच्या राजमुद्रेवरचा हा पक्षी राजधानीत परत आणला गेला. आणला कोणी? वॉशिंग्टनमधल्या गरीब वस्त्यांतल्या कृष्णवर्णीय पोरांनी.

संसदेच्या घुमटापासून ॲनाकोस्टिया नदी जेमतेम दोन-तीन किलोमीटरवर. १९४०च्या दशकात तिथले गरुड नाहीसे झाले. पुढे डीडीटीमुळे देशभर अंड्यांची कवचं इतकी पातळ झाली की उबवायला बसलेल्या पक्ष्याच्याच वजनाने ती फुटत. नदीकाठच्या वस्त्यांमध्ये अमली पदार्थांचा धंदा जोरात होता, गोळीबार नेहमीचा. १९९२ मध्ये 'अर्थ कॉन्झर्व्हेशन कोअर' या संस्थेने तिथल्या व्हॅली ग्रीन या सरकारी वसाहतीतले नऊ तरुण कामाला लावले. सुरुवात ओढ्यातला कचरा आणि जुने टायर उपसण्यापासून.

मग १९९४ ते १९९८ या काळात विस्कॉन्सिनहून गरुडाची १६ पिल्लं आली. नॅशनल आर्बोरेटम या वृक्षोद्यानात उंच मचाण, त्यावर गज लावलेली पेटी. पिल्लांना माणसाची सवय लागता कामा नये, म्हणून आडोशाला राहून मासे आत सरकवायचे. समोर फक्त झाडं आणि आकाश. पंखांत बळ आलं की गज काढायचे. हिंसाचारात मारल्या गेलेल्या सोबत्यांची नावंही या पोरांनी काही पिल्लांना दिली.

या पहिल्या फळीतला रॉडनी स्टॉट्स निसर्गप्रेमाने आलेला नव्हता. तेव्हा तो अमली पदार्थ विकायचा, हे त्याने स्वतःच सांगितलं आहे. भाड्याने घर घ्यायला पगाराची स्लिप लागते, म्हणून त्याने ही नोकरी धरली! पुढे तो परवानाधारक मास्टर फाल्कनर, म्हणजे शिकारी पक्ष्यांना शिकवणारा उस्ताद झाला. अमेरिकेत असे कृष्णवर्णीय बोटांवर मोजण्याइतके. वंचित पोरांना 'स्वयंसेवक' म्हणून राबवू पाहणाऱ्यांनी ती स्लिप जरूर आठवावी. हातात पैसा पडला म्हणूनच तो पक्ष्यांजवळ टिकला.

२०१५ मध्ये त्याच आर्बोरेटममध्ये बाल्ड ईगलच्या जोडीने पिल्लू वाढवलं. १९४७ नंतर तिथलं ते पहिलंच घरटं.