निर्बंध नेमके कोणी उठवले?

नीरेच्या अलीकडे सारोळा, पलीकडे शिरवळ. मधला पूल चालत ओलांडायलाही फार वेळ लागत नाही. भोर तालुक्यातले कितीतरी लोक रोज त्या पुलावरून शिरवळच्या कारखान्यांत कामाला जातात. करोनाच्या काळात हाच पूल दोन राज्यांची सीमा असावी असा झाला. अलीकडे पुण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश, पलीकडे साताऱ्याच्या. दुकानांच्या वेळा वेगळ्या आणि पासाचे नियमही वेगळे. आजार नदी पाहून थांबत नव्हता, आदेश मात्र थांबत होता. या आदेशांमागे कोणता अधिकार होता आणि तो संपला कसा, हे आजच्या भागात पाहू. टाळेबंदी लागली तो दिवस आपल्यापैकी प्रत्येकाला आठवतो. ती संपली तो दिवस सांगा म्हटले, तर बहुतेकांना सांगता येत नाही.

महाराष्ट्रात पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यात सापडले. १३ मार्चला राज्याने साथरोग कायदा लागू केला आणि दुसऱ्या दिवशी त्याखाली नियम काढले. हा कायदा १८९७चा, प्लेगच्या वेळचा. त्याच वर्षी पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या अंमलाखाली घरे तपासली गेली, माणसे ओढून नेली गेली आणि २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांनी रँडवर गोळ्या झाडल्या. आपल्या भागाचे मात्र तेव्हा वेगळे होते. भोर हे पंतसचिवांचे संस्थान होते, आणि वेल्ह्याचा बराच मुलूख त्याच संस्थानाच्या प्रचंडगड आणि राजगड तालुक्यांत मोडत होता. ब्रिटिश मुलखाचा कायदा इथे आपोआप लागू होत नव्हता. १९४८मध्ये संस्थान विलीन झाले आणि पुढे १८९७चा तो कागद आपल्यालाही लागू झाला.

हा कायदा मूळचा अवघ्या चार कलमांचा. साथ म्हणजे काय, याची व्याख्या त्यात नाही. सरकारला पटले की साथ आली आहे, तर हवे ते तात्पुरते नियम करता येतात. आणि साथ संपली हे कोणी, कशावरून, किती दिवसांत ठरवायचे, याबद्दल त्यात एक अक्षर नाही. मला हा या कायद्यातला सर्वांत मोठा दोष वाटतो. माणसाचे येणेजाणे, लग्न, अंत्यविधी, धंदा बंद करण्याचा अधिकार देताना तो परत घेण्याची तारीख आधी लिहायला हवी.

दुसरा आधार २००५च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याचा. खरी धार याच कायद्याला होती. जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. वाहतूक रोखणे, वस्ती बंद करणे, इमारती ताब्यात घेणे हे सगळे त्यांच्या सहीने होऊ शकते. मोडणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद. जिल्हाधिकाऱ्यांकडून प्रांत, प्रांताकडून तहसीलदार, तिथून ग्रामसेवक आणि पोलीस पाटील, अशी साखळी. मुंबई-पुण्याहून आलेल्या माणसाला गावच्या शाळेत चौदा दिवस ठेवायचे ठरले, ते याच साखळीतून. जेवणाचा डबा कोण पोचवणार, रात्री शाळेवर दिवा आहे का, हे मात्र आदेशात नव्हते. ते गावाने पाहिले, आशाताईंनी पाहिले.

या साखळीत भोर नगरपरिषद कुठे होती? फवारणी, कचरा, स्मशानभूमी अशी कष्टाची कामे तिच्याकडे होती. आणीबाणी जाहीर करण्याचा किंवा उठवण्याचा अधिकार नव्हता, ग्रामपंचायतींना तर नाहीच. जगात सगळीकडे असेच असते असे नाही. अमेरिकेत लॉस एंजेलिस शहराने ४ मार्च २०२० रोजी स्वतःची स्थानिक आणीबाणी जाहीर केली. ती संपवण्याचा निर्णय तिथल्या निवडून आलेल्या नगरसभेने मतदानाने घेतला आणि १ फेब्रुवारी २०२३पासून ती उठली. त्या आणीबाणीच्या आधारे भाडेकरूंना घराबाहेर काढण्यावर बंदी होती. त्यामुळे ती उठवताना भाडेकरू आणि घरमालक दोघेही आपली बाजू मांडत होते. आपल्याकडे जिल्हा प्राधिकरणात जिल्हा परिषदेचा अध्यक्ष सहअध्यक्ष असतो, तेवढाच काय तो लोकांचा आवाज. मार्च २०२२मध्ये जिल्हा परिषदेचीही मुदत संपून प्रशासक आले.

याचा तोटा जून २०२१मध्ये चांगलाच दिसला. राज्याने बाधितांचे प्रमाण आणि ऑक्सिजन खाटा पाहून पाच स्तर केले. पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिका वेगळे घटक धरले, आणि उरलेला सगळा जिल्हा मिळून एकच. म्हणजे तोरण्याच्या पायथ्याची विरळ वस्ती आणि शहराला चिकटलेली हवेलीतली दाट गावे एकाच आकड्याने मोजली गेली. पानशेतच्या पाण्यापलीकडच्या वाडीत रुग्ण नसला तरी तिथले दुकान जिल्ह्याच्या सरासरीने बंद. तालुका हा घटक धरता आला असता. तशी नोंद तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे रोज होत होती.

शेवट आला तो टप्प्याटप्प्याने. ४ मार्च २०२२पासून राज्याने चौदा जिल्ह्यांत बरीच मोकळीक दिली. एक निकष होता लसीचा: पहिली मात्रा नव्वद टक्के, दुसरी सत्तर टक्के. पुणे, सातारा, रायगड तिन्ही त्या यादीत होते. म्हणजे भोरच्या तिन्ही बाजूंनी एकदम नियम सारखे झाले. मग केंद्रीय गृहसचिवांचे पत्र आले, की आपत्ती कायद्याखालचे केंद्राचे आदेश ३१ मार्चनंतर पुढे चालवले जाणार नाहीत. त्याच ३१ मार्चला राज्य मंत्रिमंडळाने सगळे निर्बंध उठवले. मास्क ऐच्छिक झाला. २ एप्रिलला गुढीपाडवा होता. नव्या वर्षाची पहिली गुढी मोकळ्या हवेत उभी राहिली, आणि भोरच्या राजवाड्यातल्या रामनवमीला, गावोगावच्या चैत्रातल्या जत्रांना माणसांची मर्यादा उरली नाही. दोन वर्षे ज्या देवाची पालखी चार माणसांनी उचलली, तिला पुन्हा गावाचा खांदा मिळण्याची वाट मोकळी झाली. हे वाचताना ज्यांचे डोळे भरून येतील त्यांना मी समजू शकतो. एसटीचा संप मात्र तेव्हाही सुरू होता. निर्बंध गेले तरी वेल्ह्याच्या आतल्या गावांना गाडीसाठी आणखी काही आठवडे थांबावे लागले.

एका दिवसात सगळे संपले असेही नाही. आदेश मोडल्याबद्दल भारतीय दंड संहितेच्या कलम १८८खाली नोंदलेले गुन्हे तसेच राहिले. नोकरीसाठी पोलिसांचा दाखला मागणाऱ्या कितीतरी तरुणांना ते आडवे आले. राज्याने ते मागे घेण्याचे ठरवले, पण त्यासाठी समितीची शिफारस आणि न्यायालयाची परवानगी लागते. आणि जिथे सरकारी सेवकावर हल्ला झाला, ते गुन्हे यातून वगळले. ते वगळले हे योग्यच केले.

सर्वांत अवघड गोष्ट मृतांच्या घरच्यांची. प्रत्येक मृत्यूमागे पन्नास हजार रुपये द्यायचे ठरले होते. २४ मार्च २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की २० मार्चपूर्वीच्या मृत्यूंसाठी साठ दिवसांत अर्ज करा. म्हणजे इकडे निर्बंध सुटत होते आणि तिकडे या घरांसाठी दिवस मोजले जात होते. आमच्या डोंगरातला माणूस बहुधा पुण्याच्या दवाखान्यात गेला. दाखला पुण्यात, तपासणीचा अहवाल आणखी कुठे, अर्ज ऑनलाइन आणि घरात फोनला रेंज नाही. विधवा बाईने तो कागद कोणाला विचारायचा? राज्याने २०२१मध्ये अशा घरांसाठी मिशन वात्सल्य सुरू केले होते आणि तालुक्याची समिती तहसीलदारांच्या अध्यक्षतेखाली होती. निदान ती दारापर्यंत पोचावी, एवढी अपेक्षा होती.

ज्यांची मुदत हुकली त्यांच्यासाठी न्यायालयाने एक वाट ठेवली होती. खरोखर अडचण असेल, तर तक्रार निवारण समितीकडे जाता येते आणि ती प्रत्येक प्रकरण वेगळे तपासते. त्या अर्जाला कोणते कागद जोडावे लागतात, ते पुढच्या आठवड्यात पाहू. तोपर्यंत मृत्यूचा दाखला आणि दवाखान्याचे कागद एका पिशवीत काढून ठेवा.