नाव लिही, वय लिही : तेरेझिनच्या चित्रकलेच्या बाई

जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेबद्दल मराठीत पुष्कळ लिहून झालं आहे. ग्रोपिउस, क्ले, कांडिन्स्की ही नावं कलाशाळेच्या पहिल्याच वर्षी कानांवर पडतात. १९२२च्या डिसेंबरात कलकत्त्याला बाउहाउसच्या चित्रकारांचं प्रदर्शन भरलं होतं, हेही जाणकारांना ठाऊक असतं. त्या चित्रकारांत एक होता योहानेस इटेन. फाउंडेशनच्या वर्गात खरखरीत-गुळगुळीत, उजेड-अंधार, रेषेची लय असे जे सराव आपल्याकडे करून घेतात, त्यांचं मूळ बऱ्याच अंशी त्याच्या वर्गात आहे. मला मात्र अनेक वर्षं ओढ आहे ती इटेनच्या एका विद्यार्थिनीची. त्या वर्गात शिकलेलं तिनं पुढे एका छळछावणीतल्या मुलांपर्यंत नेलं. तिचं नाव फ्रीडल डिकर-ब्रँडाइस.

फ्रीडलचा जन्म ३० जुलै १८९८चा, व्हिएन्नातला. आई गेली तेव्हा ती चार वर्षांची होती. वडील कागद-पेन्सिलींच्या दुकानात नोकरीला, त्यामुळे चित्रांचं साहित्य लहानपणापासून हाताशी होतं. फोटोग्राफी शिकली, विणकाम शिकली, फ्रान्झ चिझेकच्या वर्गात बसली. मुलांच्या चित्रांना ‘कला’ म्हणणाऱ्या युरोपातल्या पहिल्या माणसांपैकी हा चिझेक. मग इटेनची खाजगी शाळा. इटेन १९१९मध्ये वायमारला बाउहाउसमध्ये शिकवायला गेला, तेव्हा त्याच्यामागोमाग व्हिएन्नातले जे विद्यार्थी गेले, त्यांत फ्रीडल होती. चार वर्षांत तिनं कापड, छपाई, शिल्प, रंगभूमी सगळ्यांत हात घातला. पुढे फ्रान्झ सिंगरबरोबर व्हिएन्नात स्टुडिओ काढून घरं, फर्निचर, अंतर्गत सजावट केली. गोएटेहोफ या कामगार वसाहतीतली माँटेसरी बालवाडी त्या दोघांनीच सजवली.

या टप्प्यावरच्या तिच्या एका कामापाशी मात्र थांबायला हवं. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला, कम्युनिस्ट चळवळीत असताना, तिनं पोस्टरसारखे काही फोटोमोंताज केले. एकाचं शीर्षक साधारण असं : ‘अशी दिसते, बाळा, ही दुनिया.’ नुकतं जन्मलेलं मूल, आणि भोवती सैन्य, पैसा आणि दारिद्र्य यांच्या छायाचित्रांचे तुकडे. कुठलाही आडपडदा नाही. १९३४मध्ये तिला अटक झाली, चौकशी झाली. त्या चौकशीवर तिनं नंतर चित्रंही काढली. जग कसं आहे ते या बाईला नीट माहीत होतं आणि ते चित्रात कसं मांडायचं हेही माहीत होतं. पुढचं सगळं समजून घेताना हे विसरून चालणार नाही.

सुटल्यावर ती प्रागला गेली. तिथे नाझींपासून पळून आलेल्या कुटुंबांच्या मुलांना ती चित्रकला शिकवू लागली. मदतीला व्हिएन्नाहून तिच्यामागे आलेली अठरा वर्षांची विद्यार्थिनी होती, एडिथ क्रामर. १९३६मध्ये फ्रीडलनं मावसभाऊ पावेल ब्रँडाइसशी लग्न केलं. १९३८मध्ये दोघं ह्रोनोव्ह या छोट्या गावी राहायला गेली. पॅलेस्टाइनला निघून जायची संधी तिला होती, पावेलला नव्हती, ती राहिली. डिसेंबर १९४२मध्ये दोघांना तेरेझिनला जायचा हुकूम आला. माणशी ५० किलो सामान नेता येत असे. तिच्या सामानात चित्रांचं साहित्यच जास्त होतं.

तेरेझिन म्हणजे अठराव्या शतकातलं किल्ल्याचं गाव. नाझींनी नोव्हेंबर १९४१पासून त्याचा घेट्टो केला होता. तिथे सुमारे एक लाख चाळीस हजार माणसं आणली गेली. तेहतीस हजारांवर तिथेच मेली आणि ऐंशी हजारांहून जास्त पूर्वेकडच्या मृत्युछावण्यांत पाठवली गेली. मुलांना आईबापांपासून काढून वेगळ्या इमारतींत ठेवलेलं असे. ‘एल ४१०’ मुलींची, ‘एल ४१७’ मुलांची. शिकवायला बंदी होती. चित्र काढायला आणि गायला नव्हती. शिक्षकांनी त्या फटीतून इतिहास-भूगोलही आत नेला. फ्रीडलला मात्र आडून काही न्यायचं नव्हतं. तिला चित्रकलाच शिकवायची होती.

कागद म्हणजे कचेऱ्यांतल्या जुन्या फॉर्मांच्या कोऱ्या बाजू, वेष्टणांचे तुकडे, हिशेबवहीची पानं. रंग थोडे आणि ते सगळ्यांनी वाटून घ्यायचे. आधी लयीचा सराव : ती टेबलावर ताल धरायची आणि मुलींचे हात त्या तालावर कागदावर फिरायचे. इटेनच्या वर्गातली ही गोष्ट तिनं जशीच्या तशी ठेवली होती. मग वस्तू समोर ठेवून निरीक्षण. मग जुन्या चित्रकारांची चित्रं कागदाचे कपटे फाडून-चिकटवून पुन्हा उभी करायची. प्रागच्या ज्यू संग्रहालयात आज जी चित्रं आहेत त्यांत छापील रकाने मागून डोकावणारी अशी कोलाज दिसतात. छावणीच्या नोंदींसाठी छापलेल्या कागदावर कुणा मुलीनं कापून चिकटवलेली फुलदाणी आहे.

आणि प्रत्येक चित्रावर सही. मुलानं आपलं नाव लिहायचं. कित्येक कागदांवर वय, खोलीचा वा घराचा क्रमांक, तारीखही आहे. माणसाचं नाव पुसून त्याला वाहतुकीच्या यादीतला आकडा करायचा, यावर ती सगळी यंत्रणा उभी होती. चित्रावर नाव घालण्यात शिस्त होतीच, पण हे काम माझं आहे असं म्हणायचा हक्कही त्यात होता. मोठ्या चित्रकाराला जो हक्क आपण न मागता देतो, तो तिनं दहा-बारा वर्षांच्या मुलींना दिला. त्या सह्यांमुळेच आज ही चित्रं कुणाकुणाची आहेत ते कळतं. संग्रहात सुमारे साडेचार हजार चित्रं आहेत. ज्यांची नावं लागली आहेत अशी मुलं साडेसहाशेच्या पुढे भरतात आणि त्यांतली बहुतेक मारली गेली.

माझ्या दृष्टीनं या सगळ्यात सर्वांत मोलाचं आहे ते १९४३च्या उन्हाळ्यातलं तिचं व्याख्यान. मुलांच्या कामाचं प्रदर्शन भरलं होतं आणि तिथल्या शिक्षकांसमोर ती मुलांच्या चित्रांविषयी बोलली. त्याचा मजकूर टिकला आहे. छावणीत दिलेलं व्याख्यान म्हणून आपण तो धसक्यानंच हातात घेतो. पण त्यात भूक नाही, मरण नाही, सांत्वनही नाही. कुठल्याही शहरातल्या शिक्षकांच्या संमेलनात शोभेल असं ते व्यावसायिक विवेचन आहे. तिचं म्हणणं थोडक्यात असं : या तासांचा हेतू सगळ्यांना चित्रकार करणं हा नाही. मुलांची निर्मितीची ताकद आणि स्वतंत्रपणा मोकळा करायचा, कल्पना जागी करायची, स्वतः पाहण्याची आणि स्वतः पारखण्याची शक्ती वाढवायची. मुलांना आपल्यासारखं करायची मोठ्यांना एवढी घाई का असते, असंही ती विचारते. मोठी माणसं स्वतःवर एवढी खूश आहेत का? आपण रस्ता आखून दिला की मूल स्वतःच्या निर्मितीपासून तुटतं आणि मूल समजून घ्यायची आपली वाटही बंद होते.

जिथे मुलांना उद्या नव्हता, तिथे ती त्यांच्या निर्णयशक्तीबद्दल बोलत होती. काहींना हे वास्तवाकडे पाठ फिरवणं वाटेल. हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण त्याला त्याच छावणीतलं एक बळकट उदाहरण आहे. हेल्गा वाइसोव्हा बारा वर्षांची असताना डिसेंबर १९४१मध्ये तेरेझिनला आली. बर्फाचा माणूस करणाऱ्या मुलांचं चित्र काढून तिनं ते पुरुषांच्या बराकीत वडिलांकडे गुपचूप पाठवलं. वडिलांचा निरोप आला : जे दिसतं ते काढ. त्यानंतर हेल्गानं रांगा, बंक, सामान ओढणारी माणसं, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या झुंडी काढल्या. ती ऑशवित्झमधून वाचली, पुढे चित्रकार झाली आणि तिची ती चित्रं आज साक्षीपुराव्याच्या तोलाची आहेत.

मग फ्रीडलच्या मुलींच्या फुलांना, फुलपाखरांना, तालावर ओढलेल्या रेषांना काय म्हणायचं? वडिलांचा सल्ला बरोबर होता यात मला शंका नाही. पण तो एका मुलीला, तिच्या वडिलांनी दिलेला सल्ला होता. बाहेरून आलेल्या शिक्षकानं वर्गभर मुलांना ‘तुमचं दुःख काढा’ असं सांगणं ही निराळी गोष्ट आहे. त्यात मुलाकडून त्याच्या यातनेची मागणी होते. फ्रीडलनं ती मागणी केली नाही, आणि मनाईही केली नाही. तिच्या मुलांच्या कागदांवर छावणीही येते : तीन मजली बंक, पहारेकरी, जेवणाची रांग. ज्याला काढावंसं वाटलं त्यानं काढलं. ‘अशी दिसते ही दुनिया’ असं चौकात ओरडून सांगणारी बाई मुलांच्या वर्गात ते वाक्य बोलली नाही. दुनिया त्यांच्या खिडकीबाहेरच होती. त्यांना नव्हती ती पाहण्याची सवड आणि हाताचं कौशल्य. तिनं ते दिलं.

पुढचा वाद अमेरिकेतला. एडिथ क्रामर १९३८मध्ये न्यूयॉर्कला पोचली. १९५०पासून विल्टविक इथल्या, घरातून आणि शाळेतून उखडलेल्या मुलांच्या संस्थेत तिनं चित्रकला शिकवली आणि १९५८मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. आर्ट थेरपी या क्षेत्राच्या संस्थापकांत तिचं नाव घेतात. त्याच क्षेत्रातल्या मार्गारेट नाउमबर्गचा भर वेगळा होता : चित्र हे मनातलं बाहेर काढायचं साधन, मग त्यावर बोलून उपचार. क्रामरचं म्हणणं असं, की चित्र चांगलं होणं, त्यासाठी मुलानं झगडणं हाच उपचार, आणि म्हणून हे काम करणारा माणूस स्वतः कलावंत आणि शिक्षक असला पाहिजे. या भूमिकेमागे क्रामर फ्रीडलचं ऋण मोकळेपणानं सांगत आली. माझा कौल क्रामरकडे आहे. चित्राचं निदान करणाऱ्याला मूल रुग्ण दिसतं. चित्र सुधारायला मदत करणाऱ्याला ते चित्रकार दिसतं. तेरेझिनमधून वाचलेली आणि पुढे बालमानसतज्ज्ञ झालेली एर्ना फुरमान हिनं फ्रीडलच्या तासांची आठवण आयुष्यातल्या सगळ्यांत प्रिय आठवणींत ठेवली होती. ही साक्ष मला फार बोलकी वाटते.

फ्रीडलचा शेवट तेरेझिनबाहेर झाला. सप्टेंबर १९४४मध्ये पावेलला पुढच्या गाडीत घातलं. त्याच्यामागे जायला फ्रीडलनं स्वतः नाव दिलं. ६ ऑक्टोबरला ती निघाली आणि ऑशवित्झला पोचल्यावर मारली गेली. पावेल मात्र वाचला. निघण्याआधी मुलांची चित्रं दोन सुटकेसींत भरून ठेवलेली होती. मुलींच्या घरातले शिक्षक विली ग्रोआग यांनी त्या १९४५च्या ऑगस्टमध्ये प्रागच्या ज्यू समाजसंस्थेकडे पोचवल्या. पुढे जवळजवळ दहा वर्षं त्यांच्याकडे कुणी फारसं पाहिलंही नाही.

हे आज मराठीत लिहावंसं वाटलं त्याचं कारण आपल्याकडचं आहे. बालगृहांत, आश्रमशाळांत, वस्तीतल्या अभ्यासिकांत कलावंतांनी जाऊन मुलांबरोबर काम करायचे उपक्रम वाढताहेत, ही आनंदाची गोष्ट. पण बहुतेकदा विषय आधीच ठरलेला असतो : ‘स्वच्छता’, ‘पाणी वाचवा’, नाहीतर ‘माझं दुःख’. चित्रं गोळा होतात, भिंतीवर लागतात, पाहुण्यांबरोबर फोटो निघतो. चित्राखाली मुलाचं नाव नसतं, संस्थेचं असतं. शाळांची स्थिती तर आणखी वाईट. शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टानं सहावी ते आठवीत शंभराहून जास्त मुलं असतील तिथे कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक सांगितला आहे. म्हणजे कायद्याच्या लेखीही हा माणूस अर्धवेळच.

अशा कामाला जाणाऱ्या तरुण चित्रकारांना आणि नाटकवाल्यांना फ्रीडलच्या कामातून तीन गोष्टी घेता येतील. आपल्या कलेत पूर्ण तयार होऊन जा. मुलांसाठी म्हणून पातळ केलेलं काही नेऊ नका. मुलाच्या हाती पद्धत द्या, विषय त्याचा त्याला निवडू द्या. आणि प्रत्येक कागदावर त्याचं नाव त्याच्या हातानं लिहून घ्या. यांतल्या एकाही गोष्टीला पैसा लागत नाही. मूल आपल्याइतकंच पुरं माणूस आहे हे मान्य करावं लागतं, आणि अवघड आहे ते तेवढंच.