सॅल्यूट नेमका कोणाला?

मित्रांनो, आधीच सांगतो, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला!

गेल्या 17 सप्टेंबरची गोष्ट. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन होतं. राष्ट्रगीत सुरू झालं आणि मी कडक सॅल्यूट ठोकला. पायात स्लीपर, डोकं उघडं. मनात म्हटलं, काय भारी दिसतोय आपण!

नंतर होस्टेलचे वॉचमन काका जवळ आले. हे फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालेले. हळूच म्हणाले, "डोक्यावर टोपी नसेल तर फौजी सलामी देत नाही बाळा, सावधान उभा राहतो. गाव कोणतं तुझं?"

"नळदुर्ग."

"मग बचित्तर सिंग माहीत असतीलच."

मला माहीत नव्हते. मान खाली गेली.

त्या दिवसापासून मी काकांना प्रश्न विचारून भंडावून सोडलंय. त्यातलं थोडं तुमच्यासाठी.

सॅल्यूट माणसाला नसतो. अधिकाऱ्याला राष्ट्रपतींकडून जे कमिशन मिळतं, त्याला तो असतो. म्हणून समोरचा साहेब आवडता असो वा नावडता, हात वर जातोच. आणि साहेबानेही त्याला उत्तर द्यायचंच, नाहीतर तो बेशिस्तपणा. भूदलात तळहात समोरच्याला दिसतो, नौदलात तो खाली वळलेला असतो. हवाईदलाने 2006 पासून 45 अंशांची पद्धत घेतली.

झेंडावंदनाला आपल्यासारख्यांनी काय करायचं? ध्वजसंहिता (2002) सांगते, की झेंड्याकडे तोंड करून सावधान उभं राहायचं. सलामी गणवेशातल्यांनी द्यायची. झेंडा चढवताना झरझर चढवायचा, उतरवताना मात्र सावकाश, मानाने. शहिदाच्या पार्थिवावर तिरंगा घालतात तेव्हा केशरी पट्टा डोक्याकडे येतो. चितेला अग्नी देण्याआधी तो काढून घेतात. चितेत तिरंगा कधीही जाळत नाहीत.

बोलण्यातही शिस्त आहे. नायब सुभेदार, सुभेदार, सुभेदार मेजर यांना 'साहब' म्हणायचं. वयाने लहान असलेला लेफ्टनंटसुद्धा त्यांना 'सुभेदार साहब' म्हणूनच हाक मारतो. हवालदार त्यांच्या खालचा. नियमाप्रमाणे त्याला सॅल्यूट मिळत नाही.

आता बचित्तर सिंग यांच्याबद्दल. 13 सप्टेंबर 1948 रोजी हैदराबाद संस्थानावर पोलीस ॲक्शन सुरू झाली. सोलापूरकडून आलेल्या फौजेची पहिली लढाई झाली ती आमच्या नळदुर्गला. बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती येणं महत्त्वाचं होतं, कारण हैदराबादचा रस्ता तिथूनच जातो. त्या दिवशी शीख रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियनचे बचित्तर सिंग आपल्या प्लॅटूनच्या पुढे होते. मशीनगनची गोळी मांडीत लागली, तरी ते सरपटत पुढे गेले आणि हातबॉम्ब टाकून ती मशीनगन बंद पाडली. मागे न्यायला आलेल्यांना त्यांनी नकार दिला. तिथेच त्यांना वीरमरण आलं. पुढे 1952 मध्ये अशोक चक्र हा सन्मान सुरू झाला आणि त्याच्या पहिल्या मानकऱ्यांत त्यांचं नाव आलं. शांतताकाळातल्या शौर्यासाठी याहून मोठा सन्मान आपल्या देशात नाही.

त्यांचा हुद्दा काय होता ठाऊक आहे? हवालदार!

किल्ल्यातला पाणीमहाल आणि नर-मादी धबधबा मी पाहुण्यांना शंभरदा दाखवलाय. पूलही दाखवलाय, पण नुसता पूल म्हणून. आणि इथे होस्टेलवर रात्री उशिरा आलो की "ए वॉचमन, गेट!" असं ओरडणाऱ्यांत मीसुद्धा होतो. कोणाला ओरडत होतो, याचा कधी विचारच केला नाही.

काकांना आता सॅल्यूट करत नाही, उघड्या डोक्याने तर मुळीच नाही. गेटवर थांबतो, सरळ उभा राहतो आणि म्हणतो, "हवालदार काका, जय हिंद!"

ते खुर्चीतून उठतात, मगच उत्तर देतात. मित्रांनो, करून बघा.