अंगणवाडीची खिडकी किती उंच असावी?

तुमच्या घरातील खिडकीची खालची कड जमिनीपासून किती उंच आहे, ते मोजा. बहुधा ती ९० सेंटिमीटरच्या आसपास भरेल. तीन वर्षांच्या मुलाची उंची साधारण ९५ सेंटिमीटर. डोळे त्याहून दहा सेंटिमीटर खाली. म्हणजे या खिडकीतून त्याला फक्त आभाळ दिसणार!

म्हणून अंगणवाडीची इमारत मुलाच्या मापाने आखावी लागते. खिडकीची कड ५० सेंटिमीटरवर आणून भक्कम गज बसवले, की मुलाला अंगण दिसते आणि वाराही लागतो. तापलेली हवा हलकी होऊन वर चढते. तिच्यासाठी छताजवळ झरोके हवेत. व्हरांडा दक्षिणेला असावा. आपल्याकडे हिवाळ्यात दुपारचा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे ऊन आत येते. उन्हाळ्यात तो जवळजवळ डोक्यावर असल्याने छप्परच सावली धरते. पश्चिमेचे तिरपे ऊन मात्र छज्जाने अडत नाही. तेथे झाड लावावे.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले. आदिवासी पाड्यांवरची मुले बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच पाड्यातील अंगणात नेली. तीच अंगणवाडी!

आता टेप घेऊन तुमच्या गावातील अंगणवाडीत जा. खिडकी, नळ, पायरी यांची उंची टिपा. लहान मुलाला त्या सोयीच्या आहेत का? फाटकाची कडी मात्र त्याच्या हाताबाहेरच हवी.