प्रकाशतंतूतील अंकांचा हिशेब

केंद्र सरकारने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर केलेल्या आणि २०१५ पासून ‘भारतनेट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या योजनेमुळे ऑप्टिकल फायबरची केबल ग्रामपंचायतींच्या कार्यालयापर्यंत येऊ लागली. केसासारख्या बारीक काचतंतूतून प्रकाशाच्या साहाय्याने माहिती येते, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. ती न चुकता कशी पोचते, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही.

संगणकातील सर्व माहिती शून्य आणि एक या दोन अंकांत मांडलेली असते. संगणकाच्या आत आठ अंक आठ समांतर वाटांनी एकदम जाऊ शकतात. तंतूत वाट एकच असल्याने त्यांना एकामागून एक जावे लागते. प्रकाश म्हणजे एक, अंधार म्हणजे शून्य. वरवर पाहता प्रश्न येथेच मिटतो.

खरी अडचण येथूनच सुरू होते. सेकंदाला शंभर कोटी अंक जात असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला सेकंदाचा एक अब्जांश भाग येतो. प्रकाश नेमका कोणत्या क्षणी तपासावा हे सांगणारे घड्याळ तंतूतून वेगळे पाठविले जात नाही. ग्राहकयंत्राला स्वतःचे घड्याळ असते. परंतु दोन घड्याळे तंतोतंत सारखी कधीच चालत नाहीत. म्हणून प्रकाश लागण्याच्या व विझण्याच्या क्षणांवरूनच ते आपले घड्याळ जुळवीत राहते. एखाद्या दाखल्याच्या छायाचित्रातील कोऱ्या जागेसारखी सलग शून्ये आली, तर जुळविण्यास काही उरत नाही. गेलेली शून्ये नव्व्याण्णव की शंभर, हा हिशेब चुकला की पुढील सारे अंक एका घराने सरकतात आणि मजकुराचा अर्थच नाहीसा होतो. शिवाय प्रकाश व अंधार यांतील भेद ग्राहकयंत्र सरासरी पातळीवरून ठरविते. एकच अंक वारंवार आला तर ही पातळीही ढळते.

यावरील एक सुबक उपाय आयबीएम कंपनीतील विडमर व फ्रानाझेक यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केला. आठ अंकांच्या २५६ जुळण्या होतात, दहा अंकांच्या १,०२४. त्यांपैकी ज्यांत एक व शून्य जवळजवळ समसमान आहेत अशाच जुळण्या निवडून प्रत्येक आठ अंकांऐवजी दहा अंक पाठवावयाचे. अनेक जुळण्यांची दोन रूपे ठेवलेली असतात. आधी एक अधिक गेले असतील, तर पुढे शून्य अधिक असलेले रूप निवडले जाते. पाचांहून अधिक सारखे अंक सलग येतच नाहीत. उरलेल्या काही जुळण्या सीमारेषा दाखविण्यास उपयोगी पडतात. आणि यादीबाहेरची जुळणी आली, तर वाटेत बिघाड झाल्याचे तत्काळ कळते.

याची किंमत द्यावी लागतेच. १९९८ च्या गिगाबिट ईथरनेट मानकात सेकंदाला शंभर कोटी अंक पोचविण्यासाठी सव्वाशे कोटी पाठवावे लागतात. वेग वाढला तसा हा चतुर्थांश बोजा जड वाटू लागला. २००२ च्या दहापट वेगाच्या मानकात चौसष्ट अंकांमागे केवळ दोन जादा अंक ठेवण्यात आले.

भारतनेटने ग्रामपंचायतींसाठी स्वीकारलेल्या जीपॉन पद्धतीत, सेकंदाला २४८.८ कोटी अंक गावाकडे येतात, तेथे असे जादा अंक मिसळलेच जात नाहीत. प्रेषक एका ठरलेल्या अंकमालेने मूळ अंक विस्कटून पाठवितो व ग्राहक त्याच मालेने ते पूर्ववत करतो. यास गुप्तलेखन समजू नये. ही माला सर्वांना ठाऊक असते आणि गोपनीयतेसाठी निराळी व्यवस्था लागते. विस्कटलेल्या अंकांतही सारख्या अंकांची लांब रांग येणे अशक्य नाही, पण ते इतके विरळ असते की तेवढा धोका पत्करून जादा अंकांचा बोजा वाचविण्यात आला आहे.